गुरुवारचं गाठोडं

४ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, छातीत काही नाही. जे आहे ते डोक्यात आहे. काळजी वाटली की वहीत लिहायची आणि वही मिटून ठेवायची." ही शेजारीच बसली होती. म्हणाली, "मग जाड वही घ्यायला हवी."

माझी शाळा चौथीत सुटली. बापाने लॉन्ड्रीत उभं केलं ते आजतागायत उभाच आहे. कपड्यांवरच्या खुणांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नये. कुणी वाचणार नाही म्हणा. तरी धास्ती वाटते.

तर काळजी. सीमेवरचा पूल लोकांसाठी बंद झाला, फोनही तोडले. नदी दोघांची, पण धरण पलीकडच्यांच्या हद्दीत. ते म्हणतात, आमचंच आम्हाला पुरत नाही. आपले म्हणतात, तुम्ही आमचं चोरता. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. दुकानाच्या पायरीला लागणारी नदी आता मधोमध, अंग चोरून चालते. आणि आमची धाकटी पलीकडे. तिचे दिवस भरत आलेत. ही तिच्याकडे जाणार होती, म्हणून भरलेली बॅग दाराशी आहे. मी रोज त्या बॅगेला अडखळतो, पण ही ती आत ठेवू देत नाही.

त्यात जावई धरणावरच कामाला. दरवाजे वरखाली करायची यंत्रं चालवतात. न्हावी मला भर रस्त्यात म्हणतो, "अरे, जावयाला निरोप धाड की. म्हणावं, सासरा पारोसा बसलाय, जरा नळ सोड." लोक हसतात. मीही हसतो. आज त्यातले दोघे हसले नाहीत. ते दोघे कोण, ते मला माहीत आहे, पण वहीतसुद्धा लिहीत नाही.

पुलाच्या दोन्ही टोकांना चौक्या आहेत. दोन्हींचे कपडे बापाच्या काळापासून आमच्याकडे, कारण पलीकडचं गाव लांब आणि आमचं दुकान पुलाच्या पायथ्याशी. गुरुवारी मळके आणायचे, सोमवारी धुतलेले द्यायचे. मी हातगाडी पुलाच्या मध्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत नेतो. पलीकडून मिशीवाला शिपाई येतो. आज तो मिशीतल्या मिशीत म्हणाला, "काका, ताई ठीक आहे. पाय सुजलेत जरा." त्याची बायको आणि धाकटी एकाच दुकानातून दूध घेतात.

पाय सुजणं चांगलं की वाईट? हिला विचारलं. म्हणाली, "तुमचं डोकं सुजलंय त्यापेक्षा बरं."

७ मार्च, गुरुवार

थोरला सकाळी शहरात गेला. बॉयलरचा वॉल्व्ह आणायला. मी म्हटलं, वॉल्व्ह तर चांगला आहे. ही म्हणाली, "तुम्हीच ओरडत होता ना, शिट्टी मारतो म्हणून?" ओरडत होतो खरा. पण यायला महिना लागेल म्हणाला. वॉल्व्हसाठी इतके दिवस? ही म्हणाली, शहरात हल्ली सगळ्याला वेळ लागतो.

जाताना त्याने मला मिठी मारली. वॉल्व्ह आणायला जाणारा माणूस मिठी मारतो का? अंग गरम लागलं. ताप असणार. ताप घेऊन प्रवास करू नये.

सूनबाई दिवसभर स्वयंपाकघरात होती, डोळे लाल. म्हणाली, कांदा चिरते आहे. संध्याकाळच्या भाजीत कांद्याची एक फोड नव्हती. एवढा कांदा गेला कुठे?

११ मार्च, सोमवार

वीटभट्टीच्या मैदानावर तंबू ठोकलेत. तिथल्या शिपायांचे कपडेही आमच्याकडे आले. सगळी कोवळी पोरं. खिशांतून गोळ्या-चॉकलेटचे कागद निघतात.

एक शर्ट हाती लागला. नवा, पण कॉलर डावीकडे मळलेली, उजवीकडे कोरी. मान डावीकडे कलती ठेवणारा माणूस. आमचा थोरला असाच, पाळण्यापासून जगाकडे तिरका बघतो. मला वाटत होतं अशी खोड त्याची एकट्याचीच. तसं काही नाही. बरं वाटलं.

मी इस्त्री लावणार एवढ्यात ही येऊन उभी राहिली. "द्या, हा मी करते." वाफेने हात भाजल्यापासून हिने इस्त्रीला हात लावलेला नाही. पण केली. सावकाश, बाहीची कड न् कड. मग तो शर्ट छातीशी धरून उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, चुरगळेल." म्हणाली, "चुरगळू दे." मग पुन्हा केली.

हिचंही वय झालं. हिलाही एक वही आणून द्यावी.

१३ मार्च, बुधवार

घरातलं एकूण एक भांडं मी पाण्याने भरून ठेवलं. आज हिला फुलदाणीतही पाणी सापडलं. "यात कोण आंघोळ करणार, माशी?" मी म्हटलं, उपयोगी पडेल. "उद्या माझ्या चपलेतही भराल." पण ओतून दिलं नाही. वर झाकण म्हणून बशी ठेवली.

हिने आमची जुनी चादर फाडून धाकटीच्या बाळासाठी लंगोट शिवलेत. शंभरदा धुतलेली चादर, लोण्यासारखी. प्रत्येकावर मी लाल दोऱ्याने खूण घातली. दोन टिंबं, खाली आडवी रेघ. ही आमच्या घरच्या कपड्यांची खूण. धाकटीच्या शाळेच्या फ्रॉकवर हीच होती. मुली चिडवायच्या, म्हणायच्या, तुझ्या फ्रॉकला डोळे आणि तोंड आहे. ती घरी येऊन रडायची. मी म्हणायचो, अगं, खूण असली की हरवलेलं घरी येतं.

१५ मार्च, शुक्रवार

घात झाला.

पाणी एकाच हौदापुरतं होतं. एरवी दोन्ही चौक्यांचे कपडे वेगळ्या हौदांत. बापाचा नियमच होता. आज मी म्हटलं, एकदा चालेल. आपल्यांचे खाकी, त्यांचे निळे, आणि दोन्हीकडे याच आठवड्यात नवेकोरे गणवेश वाटलेले. त्या एका गोष्टीत दोन्ही सरकारांचं एकमत झालं असावं. आणि कापडही एकाच लायकीचं. गरम पाण्यात पडले मात्र, दोघांनीही रंग सोडला.

बाहेर काढले तेव्हा ना खाकी ना निळे. शेवाळ धरलेल्या टाकीचा रंग. सगळे सारखे. खुणांवरूनच कळतं कुणाचा कुठला.

युद्धाच्या तोंडावर दोन फौजांचा रंग एक केला. यासाठी काय शिक्षा असते? सूनबाईला बोलावून दाखवलं. तिने तोंडावर हात धरला. मला वाटलं, रडते. ती हसत होती. थोरला गेल्यापासून पहिल्यांदाच.

१८ मार्च, सोमवार

गाडी घेऊन गेलो. आपल्या चौकीवरचे हवालदार, ज्यांना सगळे पोटोबा म्हणतात, त्यांनी शर्ट उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला. "काका, हे काय शिजवलंत?"

मी म्हटलं, "साहेब, पाणी कमी होतं."

"आणि हे आम्ही घालायचे?"

"वास चांगला येतोय," मी म्हटलं.

दुसरे जोड नाहीतच. घालावेच लागले. पोटोबा म्हणाले, "चला, बेडूक झालो."

पण खरी पंचाईत पुढे. चौकीवर शहरातून नवे साहेब आलेत. तरुण आहेत, चेहरा सतत इस्त्री केलेला. म्हणाले, आजपासून पट्ट्यापर्यंत जायचं नाही. पलीकडच्यांशी देवाणघेवाण बंद. मी गाठोडं दाखवलं, "साहेब, त्यांचे कपडे माझ्याकडे आहेत." "राहू देत." "आणि साहेब, माझी लेक..." ते फोनवर बोलायला लागले होते.

गाठोडं परत आणलं. त्यातच मधल्या शर्टाच्या घडीत हिने लंगोट ठेवलेत, मिशीवाल्याने पोचवावेत म्हणून. धाकटीला आज-उद्या कळा सुरू होतील. झाल्याही असतील.

लोकांचे धुतलेले कपडे दुकानात पडलेत. बाप असता तर जेवला नसता.

२० मार्च, बुधवार

रेडिओवर सांगितलं, शनिवारपर्यंत दरवाजे उघडले नाहीत तर पुढच्या परिणामांना ते जबाबदार. पुढचे परिणाम म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. दुपारी भोंगा वाजवून पाहिला. मी टेबलाखाली गेलो. ही भाजी निवडत होती, ती तशीच बसून राहिली. "सराव आहे," म्हणाली. मी टेबलाखालूनच विचारलं, "कशावरून?" "खरं असतं तर न्हावी आधी ओरडला असता."

मी बाहेर आलो. तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, "धरणावर हल्ला झाला तर जावई तिथे. आपल्यातला कुणी हल्ला करायला गेला तर तोही कुणाचा तरी मुलगा. नशीब, आपला थोरला शहरात आहे."

ही पालेभाजीच्या काड्या एकीकडे आणि पानं एकीकडे करत होती, ती सगळी एकत्र झाली. मग माझा हात घेतला. तो ओल्या पानांसकट बराच वेळ धरून बसली. "हो," म्हणाली, "नशीब."

इतकी घाबरलेली मी हिला कधी पाहिली नव्हती. उगाच बोललो. इथून पुढे काळजी फक्त वहीत.

२१ मार्च, गुरुवार

न्हाव्याला गाठोड्याचं सांगितलं. त्याने वस्तरा थांबवला. "अरे गाढवा, पलीकडच्या फौजेचे गणवेश तुझ्या दुकानात? उद्या झडती झाली तर? आणि तुझ्या त्या साहेबाच्या हद्दीत सापडले तर त्याचीही वरात निघेल." अर्धी दाढी तशीच ठेवून मी चौकीवर धावलो आणि साहेबांना तेच सांगितलं. फक्त गाढव वगळून.

साहेबांच्या चेहऱ्याला पहिल्यांदा सुरकुती पडली. "आत्ताच्या आत्ता नेऊन टाका," म्हणाले. "म्हणजे तुम्ही नाही. माझा माणूस नेईल."

मला अडसराशीच थांबवलं. त्यांचा एक शिपाई गाडी घेऊन पट्ट्यापर्यंत गेला. मी चष्मा नेला नव्हता, दाढी करताना न्हाव्याकडे राहिला. लांबून एवढंच दिसलं की गाडी ढकलताना त्याची मान डावीकडे होती. तोच तो, कॉलरवाला. गाडीचं डावं चाक अडतं, ते त्याने न सांगता पायाने सारखं केलं. हुशार पोरगा आहे. पलीकडून कुणीतरी गाठोडं घेतलं. मिशी होती की नाही, दिसलं नाही.

हिला सांगितलं, गेलं एकदाचं. चाकाचंही सांगितलं. ती एकदम उठून पाणी प्यायला गेली आणि बऱ्याच वेळाने आली.

२४ मार्च, रविवार

काल रात्री आम्ही तिघं कपड्यानिशी झोपलो. म्हणजे झोपलो नाही. काही झालं नाही. सकाळी रेडिओने सांगितलं, बोलणी सुरू आहेत, मुदत वाढवली. दरवाजे मात्र बंदच.

पलीकडच्या शिपायांनीही आमचे शेवाळी कपडे घातलेत. दुरून पुलावर कोण कुणाचा ते कळत नाही. साहेबांनी आपल्या माणसांच्या दंडाला पांढरे रुमाल बांधायला लावले. तासाभराने पाहतो तर पलीकडच्यांनीही बांधलेले. कुठल्याही फौजेकडे रुमाल पांढराच असतो. साहेबांनी आपले सोडायला लावले. न्हावी म्हणतो, त्यांनी माझं नाव विचारून घेतलंय. चेष्टा करत असेल.

२८ मार्च, गुरुवार

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी पुलावर शिट्ट्या वाजल्या. धावत अडसरापाशी गेलो तर सगळे वाळूच्या पोत्यांआड पालथे. पोटोबांनी मला मानेला धरून खाली ओढलं. पांढऱ्या पट्ट्यावर एक गाठोडं होतं. एकटंच. साहेब ओरडत होते, "कुणी जवळ जायचं नाही! शहरातून माणसं निघालीत. काय आहे ते तेच बघतील." मनोऱ्यावरच्या शिपायाने बंदूक रोखली होती. पलीकडच्या मनोऱ्यावरही तेच.

मी म्हटलं, "आज गुरुवार आहे."

"मग?" पोटोबा म्हणाले.

"गुरुवारी मळके कपडे असतात."

हे मी हळूच म्हटलं. मला खात्री नव्हती. मिशीवाला दुहेरी गाठ मारून गाठोड्याचे कान आत खोचतो, तशीच दिसत होती. आज चष्मा होता. पण गाठ काय, कुणीही मारेल. मी गप्प बसायला हवं होतं. कारण माझ्या पलीकडे पालथा पडलेला एक शिपाई उठून उभा राहिला. "साहेब, लॉन्ड्रीचं आहे ते. मी आणतो." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, डोकं खाली ठेवा."

थोरला.

साहेब "थांब" म्हणेपर्यंत तो निघालाही होता. हात वर, मान डावीकडे. मला गाठोडं दिसेना, तोच दिसत होता. माझ्या एका वाक्यावर माझा मुलगा चालत होता. आणि पलीकडूनही एक जण निघाला, तसाच, हात वर करून. दोघे पट्ट्यापाशी एकमेकांसमोर आले, दोघांचेही शर्ट शेवाळी. दोघे वाकले. मनोऱ्यावरचा शिपाई ओरडला, "साहेब, आपला कोणता?"

साहेबांनी दुर्बीण लावली, काढली, पुन्हा लावली. मग ओरडले, "कुणीच काही करायचं नाही! कुणीच नाही!"

पलीकडूनही कुणीतरी तसंच काहीतरी ओरडलं.

थोरला परत आला. गाठोडं डोक्यावर घेऊन, शाळेतून सुटल्यावर दुकानात आणायचा तसं. माझ्यासमोर ठेवलं. मी इतक्या गोष्टी बोलणार होतो. तोंडातून निघालं, "वॉल्व्ह मिळाला?"

"मिळेल, बाबा."

"ताप आहे का अंगात?"

"नाही." मग तो जवळ सरकला. "आईला सांगू नका मी पुलावर आहे. तिला वाटतंय, मी भट्टीवर भटारखान्यात आहे. आणि बाबा, तिच्यावर रागावू नका. तुमच्या छातीसाठी तिने भरतीचं..."

"छातीत काही नाही," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

साहेबांनी गाठोडं तिथेच उघडायला लावलं. बनियन, मोजे, शेवाळी शर्ट. तळाशी कागदात गुंडाळलेली एक लहानशी पुडी. साहेबांनी स्वतः उघडली आणि तोंड मागे घेतलं. "हे काय आहे?"

पोटोबा चार मुलांचे बाप. त्यांनी लांबूनच मान हलवली. "साहेब, धोक्याचं आहे खरं. पण फुटणारं नाही."

लंगोट होता. वापरलेला. कडेला लाल दोऱ्यात दोन टिंबं आणि आडवी रेघ.

मी रस्त्यात बसलो. थोरला शेजारी बसला. साहेब तिकडे वळून नदी बघायला लागले. नदीत बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बरीच बघितली.

२९ मार्च, शुक्रवार

काल घरी येऊन लंगोट हिच्या हातात दिला तर नाक न मुरडता तोंडाशी नेला. "आईच्या दुधाचा आहे," म्हणाली. "पोट छान साफ आहे." सूनबाईने विचारलं, "मुलगा की मुलगी?" ही म्हणाली, "एवढं त्याच्यावर लिहून येत नाही." मग दोघी हसल्या, मग रडल्या. मी मधे उभा. दाराशी असलेली बॅग हिने उघडली, त्यातली झबली काढून पुन्हा घडी घातली आणि पुन्हा भरली. बॅग दाराशीच आहे.

आज नळाला पाणी आलं नाही. रेडिओ म्हणतो, बोलणी अडली. लंगोट स्वतंत्र पाण्यात धुवायचा होता. मी काही म्हणायच्या आत हीच फुलदाणी घेऊन आली. वरची बशी काढली. "घ्या," म्हणाली. "माशीची आंघोळ."

अंगणात वाळत घातला. वाळेपर्यंत ही खुर्ची टाकून तिथेच बसली होती. मी इस्त्री तापवली तर म्हणाली, "नको. कडक होतं. अंगाला लागेल." एवढी वर्षं मी या धंद्यात, मला कळत नाही का? पण ऐकलं. हाताने सारखा केला, घडी घातली, पलीकडच्यांचे कपडे धुऊन झाले की त्यांत सगळ्यात वर ठेवायला बाजूला काढला. सोमवारी परत द्यायचा आहे. धुतलेला कपडा परत जायलाच हवा. सोमवारपर्यंत काही होऊ नये.

संध्याकाळी ही म्हणाली, "काल पुलावर कुणी ओळखीचं दिसलं का हो?"

"चष्मा नेला नव्हता," मी म्हटलं.

चष्मा माझ्या नाकावरच होता, कालपासून उतरवलेला नव्हता. हिने तो काढून घेतला, दोन्ही काचा पुसल्या आणि नीट पुन्हा माझ्या डोळ्यांवर चढवला.